लोखंडावरचा उजेड

रात्र. एन्डोलाचे दिवे लागलेले.

धावपट्टीच्या कडांनी उजेडाच्या ओळी, भोवती उत्तर ऱ्होडेशियाचं काळंभोर रान. काँगोतून फुटून निघालेल्या कटांगाचा नेता त्शोम्बे तिथे येऊन थांबलेला. 1961 च्या सप्टेंबरची 17 तारीख सरली होती. 18 तारीख अजून अंधारातच होती.

आणि तू येत होतास, संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस, डॅग हॅमरशोल्ड.

लिओपोल्डविलहून उन्हं कलताना निघालेलं तुझं 'अल्बर्टिना' विमान कटांगाचं आकाश टाळत, पूर्वेकडून, टांगानिका सरोवराच्या बाजूनं लांबचा वळसा घेत, कितीतरी वेळ कुणाशी न बोलता, कुणाला ठाव न देता, अंधारामागून अंधार ओलांडत आलं, आणि त्याच्या पोटात 16 माणसं होती, त्यांचा थकवा होता, त्यांची घरं होती, एक लढाई थांबावी म्हणून मनात जुळवलेली तुझी वाक्यं होती, आणि मध्यरात्र उलटल्यावर वैमानिकाचा आवाज खाली पोचला की दिवे दिसताहेत, उतरतोय. आणि त्यानंतर आवाज नाही, चाकं नाहीत, शिडी नाही, तू नाहीस.

दिवे दिसले होते. एवढंच मनातून जात नाही.

दुपारी सापडलास. रानात, वारुळाला टेकून. सोबतच्यांपैकी एकाचाच श्वास चालू होता. थोड्याच दिवसांत तोही थांबला.

कसं झालं, कुणामुळे झालं, ते विचारणारे विचारोत. मला ते वारूळ दिसत राहतं. आमच्या कथेत वारुळातून ऋषी उठून येतो आणि त्याच्या ओठांवर कविता असते. तू उठला नाहीस. कविता मात्र होती. न्यूयॉर्कच्या घरात, तुझ्या नोंदींच्या पानांत, 17 अक्षरांचे हायकू लिहून ठेवले होतेस. जग ज्यासाठी तुला ओळखत होतं ते पद, त्या परिषदा, ते करार त्या पानांत जवळजवळ नाहीतच. तिथे फक्त एक माणूस आहे, स्वतःला रोज थोडं थोडं रिकामं करत जाणारा.

किती रिकामा झालास तू!

इतका, की 1955 च्या जानेवारीत पेकिंगला गेलास, चिनी पंतप्रधान चौ एन-लायसमोर बसलास, त्यांच्या तुरुंगातल्या अमेरिकन वैमानिकांविषयी बोललास आणि परत आलास. हाती काहीच नव्हतं. मग उन्हाळ्यात तुझी पन्नाशी आली, आणि 11 जणांची सुटका तुझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छांसोबत आली. एका माणसाच्या मौनावर एक राष्ट्र विसंबलं होतं.

इतका, की 1956 मध्ये सुवेझवर आग पडली तेव्हा कुणाच्याच नसलेल्या सैन्याला तू जागा करून दिलीस. घाईघाईत निळा रंग फासलेली शिरस्त्राणं. वाळूच्या त्या अफाट पिवळेपणात निळ्याचे इवले इवले ठिपके. जिंकायला न आलेली माणसं.

आणि ती खोली.

ईस्ट नदीकाठच्या त्या उंच काचेच्या घरात, जिथे दिवसभर सगळ्या भाषा एकमेकींवर आदळतात, तिथे तू 1957 मध्ये एक खोली शांततेला दिलीस. मूर्ती नसलेला गाभारा. मधोमध स्वीडनच्या खाणीतला साडेसहा टन लोहखनिजाचा ठोकळा, आणि वरून त्याच्यावर पडलेली उजेडाची एकच तिरीप. याच लोखंडाची तलवार होते, याचाच नांगराचा फाळ. उजेड काहीच बोलत नाही. तो फक्त पडलेला असतो, आणि माणसानं ठरवायचं असतं.

तू ठरवलं होतंस.

1960 मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं तुझा राजीनामा मागितला. तू म्हणालास, ही संघटना बड्यांपेक्षा उरलेल्या सगळ्यांना हवी आहे. त्यांना मी हवा आहे तोवर इथेच राहीन. सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांनंतर तुझ्या वाट्याला एक वर्षही आलं नाही.

तू गेल्यावरही काँगो धुमसत राहिला. 5 डिसेंबरला एलिझाबेथविलमध्ये आमचा कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया तुझ्या निळ्या झेंड्याखाली पडला. वय 26. परमवीरचक्र त्याच्या मागे आलं. पाच दिवसांनी ऑस्लोत तुझं नाव पुकारलं गेलं, शांततेचं नोबेल तुझ्याही मागे आलं. दोन पदकं. ती छातीवर लावायला दोघंही नाहीत.

उप्सालाच्या मातीत तू निजलास, लहानपणीच्या किल्ल्याच्या गावात. लॅपलंडच्या डोंगरवाटा तुझ्याविना पांढऱ्या झाल्या. हिमालयही आहे तिथेच. 1959 मध्ये विमानातून वाकून तू त्याची छायाचित्रं घेतली होतीस. उंचीवरचा उजेड किती आवडायचा तुला.

तुझ्या खुर्चीत पुढे माणसं आली. भली माणसं आली. पण दोन वैऱ्यांनी एकाच चेहऱ्याकडे पाहावं, हा आपला नाही आणि त्याचाही नाही हे ओळखावं, आणि म्हणूनच आपलं भय त्याच्या हाती सोपवावं, हे आता क्वचितच घडतं. ती ओंजळच राहिली नाही.

लहान देश अजून आहेत, डॅग. त्यांच्या सीमा अजून कुणीतरी पुसतं. त्यांची मुलं अजून विमानाच्या आवाजानं दचकून उठतात. त्यांच्या बाजूनं उभं राहून मी तुझा शोक करतो आहे, आणि तो आवरता घ्यायला मी तयार नाही. या शोकाची सवय झाली, तर तुझ्याविना जगायचीही सवय होईल. आणि ती सवय या मुलांना परवडणारी नाही.