दोन वाजता डावी कूस

नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी मुलींना वह्या उघडू देत नाही. सरावाच्या खोलीतल्या कॉटवर एकीला पाठीशी उशा लावून बसवते आणि दुसरीला सांगते, हिला वरणभात भरव. भरवणारी हमखास घाई करते. पहिला घास अजून तोंडात घोळत असतो तोवर दुसरा चमचा ओठांना टेकतो. मग तिसरीला आडवं करते आणि काही न बोलता खांद्याला नि कमरेला धरून कुशीवर वळवते. तिचा हात झटकन कॉटच्या कठड्याकडे जातो. अठरा-वीस वर्षांची धडधाकट पोर, तरी पडायची भीती वाटते. मग अर्धांगवायू झालेल्या माणसाला काय वाटत असेल, हे मला वेगळं सांगावं लागत नाही. ‘आजोबा, आता डाव्या कुशीवर घेते हं,’ हे वाक्य त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी बसतं.

एकतीस वर्षं मी वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. निवृत्तीनंतर जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे सगळे ज्याला जीडीए म्हणतात, तो अभ्यासक्रम शिकवते. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा हा काही महिन्यांचा अभ्यासक्रम. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि गावोगावच्या मुली त्याकडे वळल्या. एएनएमला दोन वर्षं, जीएनएमला तीन, बीएस्सी नर्सिंगला चार. त्या मुलींची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. जीडीएचं प्रमाणपत्र म्हणजे ती नोंदणी नव्हे. हे मी पहिल्या आठवड्यात सांगते आणि शेवटच्या आठवड्यातही. इंजेक्शन द्यायचं नाही, सलाईनला हात लावायचा नाही, औषध मनानं द्यायचं नाही.

मग उरतं काय, असं मुली विचारतात. उरतो तो अख्खा माणूस. त्याचं तोंड धुणं, स्पंजिंग, बेडपॅन, लघवी किती झाली ते मापून लिहिणं. लघवीची पिशवी कधीही ओटीपोटाच्या वर उचलायची नाही, नाहीतर आतली लघवी उलटी जाते. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी बसतं ठेवायचं. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. तसंच धरून छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. हे एवढंसं कसब अंगवळणी पडायला काही मुलींना पंधरा दिवस लागतात.

चादरीचं तर मी कुणाला माफ करत नाही. मला ते एका वॉर्डातल्या मावशींनी शिकवलं. तळहात सपाट ठेवून त्या अख्ख्या चादरीवरून फिरवत आणि म्हणत, चुणी राहिली की पाठीला टोचते, आणि पाठ बोलत नाही. त्यांच्याकडे कसलाही कागद नव्हता. आज असा अनुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ती फार आधी यायला हवी होती असं मला कळकळीनं वाटतं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक. साबणपाण्यानं हात चाळीस ते साठ सेकंद धुवायचे, पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय, हे मुली घडाघडा सांगतात. पुतळ्याला कूसही छान बदलून दाखवतात. पण पुतळ्याची त्वचा लाल होत नाही. माझं भांडण प्रमाणपत्राशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी जे होतं त्याच्याशी आहे. ब्युरोवाले मुलीला थेट कुणाच्या तरी घरी पाठवतात, चोवीस तासांच्या ड्यूटीवर. वॉर्डात शंका आली तर दहा पावलांवर सिस्टर असते. घरात कुणी नसतं. उलट घरचे म्हणतात, तुम्ही शिकलेल्या आहात ना, मग इन्सुलिन टोचा की. कोवळ्या वयात ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. प्रमाणपत्रानंतर पहिलं वर्ष वॉर्डात, सिस्टरच्या हाताखालीच गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममधल्या सहायिकांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. तास काही फार नाहीत. मला हेवा वाटतो तो पुढच्या अटीचा: दरवर्षी किमान १२ तास पुन्हा शिकायचं.

मागच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता एका विद्यार्थिनीचा फोन आला. भोरकडची मुलगी, एका आजींकडे ड्यूटीला होती. आवाज अगदी खाली. ‘मॅडम, आजींच्या माकडहाडावर लाल झालंय. बोट दाबून बघितलं, पांढरं होत नाहीये. घरचे म्हणतात उबाऱ्यानं झालंय, पावडर लाव.’

दाबल्यावर लाली गेली तर ठीक. गेली नाही तर आत इजा सुरू झालेली असते, बेडसोअरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर ती लाली दिसतही नाही, तेव्हा हाताला ऊन किंवा घट्ट लागतंय का ते बघायचं. तिनं दिव्याच्या उजेडात दोन्ही करून पाहिलं होतं.

मी म्हटलं, पावडर नको, चोळायचं तर मुळीच नाही. पाठीवर निजवू नकोस, टाचांखाली हवा राहील अशी पोटऱ्यांखाली उशी दे, आणि सकाळी डॉक्टरांना बोलवायला लाव. दर दोन तासांनी...

‘कूस,’ ती म्हणाली. ‘लिहिते मॅडम.’

पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन भेटायला आली. आजींचा मुलगा औषधांच्या पावत्या लावायचा, त्याच वहीच्या मागच्या पानांवर तिनं रेघा मारल्या होत्या. दोन वाजता डावी. चार वाजता उजवी. सहा वाजता डावी, चादर बदलली. तिसऱ्या दिवसापासून मधल्या काही ओळींचं अक्षर वेगळं होतं. रात्री दोनची पाळी मुलानं घेतली होती.