लोणारच्या कांठीं

नवरात्रांत कमळजादेवीची ओटी भरावयाची, हा आमच्या सौभाग्यवतींचा बहुत दिवसांचा संकल्प. त्याप्रमाणें यंदा लेकीसुना, नातवंडें धरून आम्ही अकरा जण लोणारास गेलों. गांवांतील दैत्यसूदनाचें कोरीव देवालय पाहून कांठावर आलों, आणि मंडळींचें बोलणेंच थांबलें. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाची ती प्रचंड वाटी! उल्का आदळून काळ्या पाषाणांत हें विवर पडलें असें शास्त्रज्ञ सांगतात; पुराणिक लवणासुराच्या वधाची कथा सांगतात. नातवास आम्हीं दोन्ही सांगितलीं. त्यास उल्का अधिक पटली, असो.

तळचें पाणी खारें व क्षारयुक्त. जून २०२० मध्यें तें गुलाबी झालें, तेव्हां मिठांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत आढळलें. त्याच वर्षीं सरोवराचें नांव रामसर यादींत गेलें.

दर्शन आटोपल्यावर सौभाग्यवतींनीं फुलें, केळींचीं सालें व उरलेला दहीभात द्रोणासह पाण्यांत सोडण्यास हात पुढें केला. खरें सांगावयाचें तर, "सोडा, देवाचेंच आहे," असें म्हणणारे आम्हीच होतों! शेजारच्या एका वृद्ध बाई म्हणाल्या, "बाबा, इथलं पाणी कुठं जात नाही."

आम्ही वरमलों. जन्मभर मुलांस भूगोल शिकविला, जलांत घाण टाकूं नये हा मनुस्मृतींतील निषेध पाठ करविला, आणि एवढें ध्यानांत येऊं नये! या वाटीस झरे आहेत, मोरी नाहीं. पाणी जातें तें वाफ होऊन. टाकलेलें तेथेंच राहतें. फुलें, भात कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खातात व नत्र, स्फुरद मागें ठेवतात. त्यावर शेवाळ माजतें. जत्रेंतील प्रत्येक घरानें एकेक द्रोण सोडला तर काय होईल, याचा हिशेब वाचकांनींच करावा. खताचा खड्डाही विवराच्या उतारावर नको. पावसाबरोबर सर्व पुन्हां तळींच येईल. तो कांठाबाहेरच हवा.

गांठोडें घेऊन चढण चढतांना आमची पुरती दमछाक झाली. पुढें घरीं निराळाच वाद! निर्माल्य भाजीच्या देंठांत मिसळूं देण्यास सौभाग्यवती तयार होईनात. शेवटीं परसांत, जेथें कोणाचा पाय पडत नाहीं अशा कोपऱ्यांत, निराळा खड्डा केला. फुलांवर वाळका पाला, त्यावर माती, आठवड्यास एकदां खालवर. नारळाची शेंडी लवकर कुजत नाहीं, म्हणून ती भांडीं घांसावयास ठेविली. तीन महिन्यांनीं काळी, भुसभुशीत माती हातीं आली. तिच्यांत सौभाग्यवतींनीं जास्वंद लाविली आहे. तिला अद्याप कळी धरावयाची आहे.