आमचे दातांचे डॉक्टरकाका

आमच्या घराण्यातील चार पिढ्यांचे दात ज्यांच्या हाताखालून गेले, ते डॉक्टरकाका गेल्या महिन्यात नव्वदीत निवर्तले. त्यांचे नाव येथे मुद्दामच देत नाही. आपली स्तुती छापून आलेली त्यांना कधीच रुचली नसती.

कोल्हापुरात महाद्वार रस्त्यालगतच्या एका वाड्याच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. लाकडी जिना चढू लागताच लवंगेच्या तेलाचा वास येई आणि आम्हा मुलांचे पाय जड होत. आत उकळत्या पाण्यात काचेच्या सुया-पिचकाऱ्या खडखडत असत. पारा आणि चांदीची पूड खलात घोटून दात भरण्याचा लगदा ते स्वतःच्या हाताने तयार करीत. विजेवर चालणारे यंत्र आल्यानंतरही पायाने फिरविण्याचे जुने यंत्र त्यांनी कोपऱ्यात जपून ठेवले होते, कारण वीज गेली म्हणून अर्धवट कोरलेला दात घेऊन रुग्णाने घरी जावे हे त्यांना पटत नसे.

त्यांचे शिक्षण मुंबईत झाले. त्या काळी महाराष्ट्रात दंतवैद्यक शिकावयाचे तर मुंबईच गाठावी लागे. तेथे त्यांना दुसरा नाद लागला तो क्रिकेटचा. ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी कांगा लीग हा त्यांच्या मते संयमाचा खरा अभ्यासक्रम होता. १९६१ साली ते गावी परतले आणि फुटबॉलने त्यांना गाठले. कोल्हापुरात ते अटळच. येथील तालमी मूळच्या कुस्तीच्या, परंतु पुढे त्यांच्याच नावांनी फुटबॉलचे संघ उभे राहिले आणि पेठांपेठांतील चुरस लाल मातीतून मैदानावर आली. शाहू स्टेडियमवर महत्त्वाचा सामना असला की दवाखान्याच्या दाराला कुलूप लागे. ठणकणारा दात घेऊन आलेल्या काही रुग्णांना ते फार खटके, आणि मला आजही त्यांची तक्रार अगदीच गैरवाजवी वाटत नाही.

मात्र रुग्ण खुर्चीत बसला की खेळ संपे. याची साक्ष म्हणून आमच्या आजीची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. १९७१ चा ऑगस्ट महिना, तारीख २३. दशलक्षण पर्व तोंडावर आले होते आणि आजीची दाढ असह्य ठणकत होती. उपवासांपूर्वी ती निघावी असा तिचा आग्रह होता. आम्ही माडीवर पोहोचलो तेव्हा सूर्यास्ताला तासाभराचाच अवकाश उरला होता. कोपऱ्यातील रेडिओवर लंडनच्या ओव्हल मैदानावरील कसोटीचे समालोचन खरखरत होते आणि इंग्लंडचा दुसरा डाव नुकताच सुरू झाला होता. आजीने विचारले, “डॉक्टर, सूर्य मावळायच्या आत मला पाणी घेता येईल ना?” काकांनी घड्याळाकडे पाहिले, रेडिओ बंद केला आणि म्हणाले, “येईल, आजी. तोंड उघडा.”

दाढ वाकड्या मुळांची निघाली. कापसाची घडी अर्धा तास चावून धरावयास लावून, वेळेत गार पाणी पाजून, त्या दिवशी चूळ भरू नये अशी ताकीद देऊन त्यांनी आजीला जिन्यापर्यंत पोहोचविले, आणि मगच त्यांचा हात रेडिओकडे गेला. त्या डावात भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले. दुसऱ्या दिवशी, गणेश चतुर्थीला, अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवर भारताचा पहिला मालिकाविजय साकार केला. त्यातले पहिले काही बळी काकांना ऐकावयास मिळाले नाहीत. आजीला क्रिकेटचे काहीच कळत नव्हते, तरी “माझ्यापायी डॉक्टरांचा रेडिओ बंद राहिला” हे ती अखेरपर्यंत सांगत असे. औषधाच्या कॅप्सूलचे वेष्टन प्राणिज पदार्थाचे असते, हे तिला त्यांनीच आपण होऊन सांगितले होते. आमच्या घरासाठी ते शक्य तेथे गोळीच लिहून देत.

खेळाडूंचे ते जसे चाहते, तसेच त्यांच्या तोंडांचे पहारेकरी. कोपर लागून किंवा डोक्याला डोके आपटून पुढचे दात गेलेली मुले त्यांच्याकडे नेहमी येत. कित्येकदा सामन्यानंतर विरुद्ध संघांतील दोघे एकाच बाकावर ओठांवर रुमाल धरून बसलेले मी पाहिले आहेत. दात पडला की मुले तो मैदानातच टाकून येत, याचा काकांना मनस्वी राग येई. म्हणून हंगामापूर्वी ते संध्याकाळी तालमींत जात आणि तेच ते पुन्हा सांगत. पक्का दात मुळासकट निखळला तर त्याला पांढऱ्या भागाने धरावे, मुळाला बोट लावू नये, घासू नये. माती लागली असल्यास हलकेच विसळून जागच्या जागी बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दवाखाना गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, त्याखाली वाढणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. मुले हसत आणि विसरून जात, असेच आम्हाला वाटे.

एके दिवशी सरावात एका गोलरक्षक मुलाचा वरचा दात निखळला. त्याचे सोबती चहाच्या गाड्यावरून दुधाचा पेला उचलून, त्यात तो दात घालून धावत माडीवर आले. मागोमाग पेल्यासाठी गाडीवालाही आला. काकांनी दात खाचेत बसविला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, दोन आठवड्यांनी तार काढली आणि पुढे मुळाचा उपचार केला. तो दात बावीस वर्षे टिकला. उपचाराचे पैसे त्यांनी घेतले, हप्त्याहप्त्याने का होईना. फुकटच्या दाताची निगा कोणी राखत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

उतारवयातही ते रोज सकाळी बॅडमिंटन खेळत. २००३ च्या सुमारास फूल आपल्याला क्षणभर उशिरा दिसते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या आठवड्यापासून त्यांनी दात काढणे थांबविले. रुग्णांनी आर्जवे केली, हात कोठे कापतो आहे असे विचारले. ते म्हणाले, “फूल उशिरा दिसते तर मूळही उशिराच दिसणार. तुम्हाला कळण्याआधी मला कळले, हे बरे झाले.” सहा महिन्यांत माडी रिकामी झाली.

जाताना त्यांनी प्रत्येक कुटुंबाची कार्डे ज्याची त्याला परत केली. आमची एकोणीस कार्डे आली, प्रत्येकावर बत्तीस दातांची छापील आकृती आणि त्यांचे बारीक, तिरके अक्षर. माझ्या धाकट्या मुलीच्या कार्डावर एकही खूण नव्हती. खाली फक्त लिहिले होते, “दात उत्तम. खो-खो खेळते.”