मेथी निवडायची कशी?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बासष्ट वर्षांचे एक रुग्ण मधुमेहासाठी माझ्याकडे नियमित येत. त्यांचा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, एरवी ७ च्या आसपास असायचा. त्या दिवशी तो ९.४ आला. मी नेहमीची टकळी सुरू केली. पालेभाज्या वाढवा, कडधान्ये खा, भात कमी करा.

त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मेथी निवडायची कशी, तेवढं सांगा."

पत्नीला जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून सकाळी चहा-खारी, दुपारी खानावळीचा डबा, रात्री दूध-पाव असे चालले होते. गोळ्या मात्र वेळेवर घेत होते.

मला उत्तर देता आले नाही. एमडी होऊन पंचवीस वर्षे झाली होती आणि मी एकदाही जुडी हातात घेऊन बसलो नव्हतो. रोज दहा जणांना 'पालेभाज्या खा' असे सांगत होतो, ते कोणाच्या तरी बायकोच्या भरवशावर!

दुसऱ्या दिवशी घरी मेथी मी केली. पातेलेभर पाला दिसला म्हणून त्या अंदाजाने मीठ घातले. पाच मिनिटांत भाजी आळून मूठभर झाली आणि खारट झाली. बायको काही बोलली नाही, फक्त ताक पुढे सरकवले. तुमचा रक्तदाब वाढलेला असेल तर ही चूक मुळीच परवडणारी नाही. पालेभाजीत मीठ शेवटीच घाला.

आठवड्याने त्यांना बोलावले आणि औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिले. पाने आणि कोवळे देठ खुडा. आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतल्यास काही जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. माती निघेपर्यंत दोन-तीन पाणी लागते. चमचाभर तेलात लसूण, मिरची, कांदा परता. भिजवलेली मूठभर मूगडाळ घालून वाफ आणा, मग मेथी. झाले.

उसळ त्याहून सोपी. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. भिजवलेले पाणी टाकून द्या, पोटात वायू धरण्याचे प्रमाण कमी होते. वरून लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह जास्त शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतलात तर उलट होते. राजमा करणार असाल तर तो रात्रभर भिजवून चांगला उकळून शिजवा. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत रोज भाज्या आणि फळे मिळून ५०० ग्रॅम सांगितली आहेत. पहिल्याच दिवशी तेवढे जमणार नाही. एक वाटी भाजी आणि एक वाटी उसळ, एवढ्यावर सुरुवात करा. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर मात्र पालेभाज्या अचानक वाढवू नका. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

सहा महिन्यांनी त्यांचा एचबीए१सी ७.६ आला. सगळे श्रेय मेथीला देणार नाही, खारीही सुटली होती. रिपोर्ट त्यांनी नीट पाहिलादेखील नाही. त्यांना अळूचे विचारायचे होते, फतफते केले की घशाला खाज सुटते म्हणून. चिंच घाला, नीट शिजवा, असे मी सांगितले. "तेवढं ती पण घालायची," ते म्हणाले, "पण किती घालायची ते कधी बघितलं नाही." मी पुन्हा चिठ्ठी उलटी केली आणि घरी फोन लावला.