कान्हेरीचे टाके आणि उद्याचे रान

गेल्या वर्षावासात एका रविवारी आम्ही घरची पाच माणसे कान्हेरीला गेलो. चपाती-भाजीचे डबे बांधले, बोरिवली स्टेशनला उतरलो आणि पूर्वेकडून चालत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारात आलो. दारातून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरची वाट. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून बस धरली. उद्यानाचे तिकीट वेगळे, बसचे वेगळे, लेण्यांचे वेगळे. कामगाराच्या घराला हा खर्च जाणवतो.

पण वर पोहोचल्यावर शीण गेला. काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी! जुने नाव कृष्णगिरी, त्यावरून कान्हेरी. इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास कोरायला आरंभ झाला आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे येथे भिक्खूसंघ नांदला. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात तथागतांच्या दोन उंच उभ्या मूर्ती आहेत. त्यांच्यापुढे मुले आपोआप गप्प झाली, हात जुळले.

सासूबाई मात्र एका विहाराच्या दाराशी पाण्याचे टाके बघत बसल्या. गावी पाण्यासाठी जन्म घालवलेली बाई ती! डोंगरउतारावरचे पाणी चऱ्यांतून टाक्यात कसे उतरते, ते त्यांनीच मुलांना दाखवले. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. सोपारा, कल्याणच्या व्यापाऱ्यांनी आणि उपासक-उपासिकांनी दान दिले, म्हणून ही पाण्याची सोय झाली. आहे त्या पावसावर एवढा संघ राहिला.

परतताना वाटेवर एक वारली बाई काकड्या विकत होती. सासूबाईंनी विचारले, “धंदा बरा आहे का, बाई?” ती म्हणाली, “धंद्याचं सोडा. आमचा पाडा राहील का, ते सांगा.”

तिची भीती खोटी नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात आदिवासींचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९९७ साली उच्च न्यायालयाने वनजमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतर हजारो गरीब कुटुंबांच्या झोपड्या गेल्या. पुढे अनेकांना चांदिवलीच्या संघर्षनगरात घर मिळाले, पण मधल्या काळात मुलांच्या शाळा सुटल्या, बायकांची धुण्याभांड्यांची कामे गेली. आता उद्यानाच्या खालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा निघतो आहे. म्हणजे रानावर भार टाकणारा गरीबच असतो, असे कोणी म्हणू नये.

रान तर राहिलेच पाहिजे. बिबटे तिथले आहेत. १८६० चा विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव याच डोंगरांच्या पावसावर भरतात. दहिसर नदी तिथूनच निघते. रान उघडे पडले तर पुराचे पाणी आधी आपल्याच चाळीत शिरेल.

प्रश्न आहे तो कारभाराचा. २००६ चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. पाडेकऱ्यांचे हक्क तपासून पुरे केल्याशिवाय त्यांना उठवता येत नाही. २०१६ साली उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. तेथील विभागीय आराखडा स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून करावा, असे त्या अधिसूचनेतच म्हटले आहे. पण विचारविनिमय कोणाशी होतो? जो हरकत लिहून देतो, त्याच्याशी.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे. कान्हेरीला जा, मुलांना न्या, कचरा करू नका, भिंतीवर नाव कोरू नका. आणि आराखड्यावर सूचना-हरकती मागवल्या की विहारातल्या बैठकीत तो वाचून घ्या. तिकीट गरिबाला परवडावे, पाड्याला न विचारता पाडा उठू नये, झऱ्याच्या वाटेवर बांधकाम येऊ नये, हे सह्यांनिशी लिहून पाठवा.

गाडीत बसल्यावर धाकटीने विचारले, “आजी, ते टाकं खोदणाऱ्यांनी सगळं पाणी स्वतः प्यायलं का गं?”

सासूबाई हसल्या. “नाही गं बाय. मागून येणाऱ्यांसाठी ठेवलं.”