'कळंबा' लिहायचे कसे?

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझी थोरली चार वर्षांची होती. जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचे ठरले होते. जून आला आणि गेला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षिका, बी.एड. झालेली. त्यामुळे घरात सगळ्यांनी गृहीतच धरले की पोरीची शाळा आता घरीच, आणि बाई घरच्याच.

खरे सांगायचे तर मला त्यातले काही येत नव्हते. बी.एड.ला आपल्याला माध्यमिकच्या मुलांना शिकवायला शिकवतात. फ्रोबेल आणि माँटेसरी मी गाइडमधून पाठ केले होते, दहा मार्कांच्या टिपेपुरते. चार वर्षांच्या पोरीने पेन्सिल धरावी कशी, हे मला कुणी सांगितले नव्हते. डी.एड. झालेल्या मैत्रिणी त्याबाबतीत माझ्यापेक्षा शहाण्या. हे मी स्टाफरूममध्ये कधी कबूल केले नसते.

कळंब्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पलंगावर पुस्तकांचा ढीग जमला. नूरानी कायदा सासूबाईंनी कपाटातून काढून दिला. उर्दूचा एक जुना कायदा माझ्याकडे होता, मौलवी इस्माईल मेरठींनी घालून दिलेल्या वळणाचा. बालभारतीची पहिलीची पुस्तके, मराठी आणि उर्दू दोन्ही, मोबाइलवर फुकट मिळाली. पण मोबाइल एकच, आणि तो सकाळी यांच्याबरोबर गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत जाई. चौथा गठ्ठा आखातातल्या दिरांनी पाठवला. तिथे त्यांच्या शेजारणी मुलांना घरीच शिकवतात आणि त्यासाठी विकत मिळणारे इंग्रजी अभ्यासक्रम वापरतात. त्यातली पाने आम्ही छापून आणली. त्यात बर्फाचा माणूस होता, इग्लू होता आणि 'पी'साठी पिग होता. सासूबाईंनी ते पान उलटे करून ठेवले आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब मांडला.

मी शिक्षिकाच. भिंतीवर वेळापत्रक लावले. सकाळी अरबी, मग उर्दू, जेवणानंतर मराठी, चहाच्या आधी इंग्रजी. प्रत्येकाला पाऊण तास. कुठलेच सोडायचे धाडस नव्हते. अरबी सोडले तर दीन सुटला, उर्दू सोडली तर माझी रोजीरोटी खोटी ठरली, मराठी सोडली तर पोरगी उद्या कचेरीत मुकी, आणि इंग्रजीचे तर बोलायलाच नको.

दोन महिने हे चालले. पोरगी उर्दूचे अक्षर डावीकडून सुरू करू लागली, मराठीचे उजवीकडून. एकदा 'क'ची आरशातली आकृती काढली. उर्दूत ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण त्याच ओळीत आकडा आला की तो डावीकडून उजवीकडे लिहायचा. मोठ्यांच्या हाताला ही उडी कळतही नाही. तिचा हात तिथे थांबायचा. "अम्मी, हात किदरसे जाताय? इदरसे के उदरसे?" मी दर वेळी निराळे उत्तर देत होते. मग वही सापडेना. चार दिवसांनी ती तांदळाच्या डब्यात सापडली, तळाशी. तिने ती पुरून ठेवली होती. त्या दिवशी मी वेळापत्रक काढले. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

त्याच जूनमध्ये लीलाताई पाटील गेल्याची बातमी वाचली. त्यांनी 1985 मध्ये आमच्या कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. बी.एड.ला असताना त्यांचे नाव ऐकले होते, पण ती मराठी शाळा, आपला काय संबंध, म्हणून कधी पाहायला गेले नव्हते. बसने जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. याची मला अजून लाज वाटते. त्या निमित्ताने बालशिक्षणाबद्दलचे जे हाती लागले ते वाचले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीबाईंची महागडी साधने त्यांना परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शिंपले, गोटे, बिया, काटक्या घेतल्या. पद्धत परक्या देशाची, साहित्य आपल्या अंगणातले. मला तेव्हा उमगले की निवड पुस्तकांची करायची नसते. पोरीच्या जवळ आधीच काय आहे, ते बघायचे असते.

तिच्या जवळ काय होते? दखनी. घरात आम्ही 'मेरेकू-तेरेकू' बोलतो. ती ना पुस्तकातली उर्दू, ना मराठी. जनगणनेच्या कागदावर आमची मातृभाषा उर्दू. जुलै 2020 मध्ये नवे शैक्षणिक धोरण आले, त्यात लहान मुलांना मातृभाषेतून शिकवा असे लिहिले. वाचून बरे वाटले, पण आमच्या मातृभाषेचा कायदा कुणी छापलेला नाही.

मग मी सगळे कायदे समोर ठेवून तिचे शब्द त्यांत शोधले. पानी, चाय, गाय, टोपी, पापा. नूरानी कायद्यात यातला एकही लिहिता येत नाही, कारण अरबीत 'पे' नाही, 'टे' नाही, 'चे' नाही, 'गाफ' नाही. तो कायदा कुरआन वाचण्यासाठी आहे, चहा मागण्यासाठी नाही. त्याचा दोष नाही. मी त्याच्याकडून भलतेच काम करून घेत होते. शिवाय तिथे 'बा, ता' म्हणायचे आणि उर्दूत 'बे, ते'. तिथे 'ज़ाल', 'ज़े', 'ज़ोए' यांचे उच्चार वेगळे काढायचे आणि उर्दूत तिन्हींचा एकच 'ज़'. वर्गात मी हे शिकवतेच की, पण एकाच पोरीला एकाच सकाळी दोन्ही सांगताना मला पहिल्यांदा तिच्या बाजूचे दिसले.

ठरवले ते असे. कानाला सगळ्या भाषा, हाताला एका वेळी एकच लिपी. नूरानी कायदा सासूबाईंकडे गेला, फक्त तोंडाने, मगरिबनंतर, मांडीवर. लिहायचे काही नाही. इंग्रजी गठ्ठ्यातून चित्रे कापली, नावे इंग्रजीत म्हणायची. लिहायला कुठली लिपी, यावर मात्र घरात आठवडाभर वाद झाला. हे म्हणाले, इंग्रजी. सासूबाई म्हणाल्या, अल्लाची. आणि मी, उर्दूची बाई, म्हणाले मराठी.

हे म्हणताना चोरी करत असल्यासारखे वाटले. दर उन्हाळ्यात मी मोहल्ल्यात घरोघर फिरते, 'बच्चे को उर्दू में डालो' म्हणून विनवते. पट घटला तर शिक्षक अतिरिक्त ठरतात, हे वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांना सांगायला नको. पण आमच्या दारातून बाहेर पाहिले की अक्षरे कुठली दिसतात? बसच्या पाटीवर, दुधाच्या पिशवीवर, किराणा दुकानावर, कळंबा जेलच्या फाटकावर, सगळीकडे देवनागरी. उर्दू आमच्याकडे शाळेत आणि मशिदीत दिसते, रस्त्यावर नाही. दुसरे असे की 'क' कुठेही असला तरी 'क'च दिसतो. उर्दूत तेच अक्षर सुरुवातीला एक, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे रूप घेते. ते सुंदर आहे, पण पहिल्या पायरीला अवघड. म्हणून सहा महिने देवनागरी, मग उर्दू. आणि उर्दू सुरू केली तेव्हा ती भराभर आली, कारण वाचणे म्हणजे काय हे तिला आधीच कळले होते.

गणिताला पुस्तक घेतले नाही, चिंचोके घेतले. तिथे सासूबाईंचा उपयोग झाला. त्यांचे माहेर चिकोडीकडचे, त्या कानडीत मोजतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' छापले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! स्टाफरूममध्ये मीही हसले होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लिहिताना वीस आधी आणि बोलताना एक आधी, याने लहान मुले गोंधळतात. आमची उर्दूही तशीच, 'इक्कीस', 'उनतीस'. कानडीत मात्र 'इप्पत्तोंदु', म्हणजे 'इप्पत्तु' वीस आणि 'ओंदु' एक. दादीबरोबर चिंचोक्यांचे ढीग लावताना पोरगी दोन आठवड्यांत शंभरपर्यंत गेली, कानडीत. मराठी आणि उर्दू आकड्यांना त्यानंतर चार महिने लागले. नारळीकरबाईंची मी मनातल्या मनात माफी मागितली.

सहाव्या वर्षी तिला उर्दू शाळेतच घातले. हे इंग्रजी शाळेचा फॉर्म घेऊन आले होते. तो आठवडा कसा गेला, ते इथे लिहीत नाही. मी स्वतः दहावीपर्यंत उर्दूत शिकले. हा लेख मराठीत लिहिते आहे, पण ऱ्हस्व-दीर्घाला अजून मुलीला विचारते. माझ्यासारखे तिचे होऊ नये आणि माझ्याकडचे तिचे जाऊही नये, एवढेच मला हवे होते. शाळेत एकदा एक सहकारी म्हणाल्या, "घर में मराठी पहले, और हमको उर्दू का सबक?" मी उत्तर दिले नाही. त्यांची स्वतःची मुले कुठे शिकतात, तेही विचारले नाही.

मागच्या वर्षी तिने उर्दूच्या वहीत पत्ता लिहिला. उर्दूत 'ळ' नाही. आपण सगळे 'लाम' लिहून 'कलंबा' करतो, पिढ्यान्‌पिढ्या. तिने 'लाम' काढला आणि त्याच्या डोक्यावर छोटी 'तोय' ठेवली. मी विचारले, हे काय? म्हणाली, "ते पर तोय रखे तो टे होताय ना? दाल पर रखे तो डाल. तो लाम पर रखे तो ळ. दादी तो कळंबा बोलती, कलंबा नई बोलती."

माझ्या हातात लाल पेन होते. पंधरा वर्षे वह्या तपासलेल्या हाताला ते आपोआप येते. नंतर कळले की पंजाबी लिहिताना शाहमुखी लिपीत काहीजण 'ळ'साठी नेमके हेच करतात. पण त्या क्षणी मला ते माहीत नव्हते. मी पेन खाली ठेवले. शाळेत तिच्या बाईंनी त्यावर फुली मारली. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही, उद्या तपासणीला माझ्यापुढे वही आली तर मलाही मारावी लागेल.

आता शाळेच्या वहीत ती साधा 'लाम' लिहिते. घरच्या वहीत तोयवाला. धाकटा यंदा चार वर्षांचा झाला. चिंचोक्यांचा डबा त्याने परवा स्वतःच काढला, आणि दादीपुढे बसून 'ओंदु, एरडु' सुरू केले.