पावसाआधी बॅटरीही शाकारा

हेदवी म्हटले की लोकांना दशभुज गणपतीचे देऊळ आठवते, नाहीतर बामणघळ आठवते. भरतीच्या वेळी खडकातल्या त्या चिंचोळ्या घळीत समुद्राचे पाणी उंच उसळते आणि पर्यटक मोबाईल काढून त्याचे फोटो घेत उभे राहतात. आमची बौद्धवाडी तेथून लांब, डोंगराच्या आडोशाला आहे. तेथे फोटो काढण्यासारखे काही नाही आणि रेंजही धड नाही. त्या वाडीतला एक फोन तीन दिवस बंद राहिला. तेव्हा आम्हाला जे समजले, ते समाजबांधवांना सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या लहानपणी वाडीत 'बॅटरी' म्हणजे टॉर्च. कालकथित वडील मुंबईला गिरणीत होते. एका मे महिन्यात त्यांनी ट्रान्झिस्टर आणला. सेल महाग, म्हणून ते उतरले की आई अंगणात उन्हात मांडून ठेवायची. उन्हाने सेलांना थोडी धुगधुगी यायची आणि आणखी दोन दिवस बातम्या ऐकायला मिळायच्या. पण १४ एप्रिल जवळ आला की नवे सेल आणलेच पाहिजेत, असा वडिलांचा दंडक होता. बाबासाहेबांवरचा कार्यक्रम उतरलेल्या सेलांवर ऐकायचा नाही, असे ते म्हणत. इतर दिवशी काटकसर चालेल, पण जे महत्त्वाचे त्याला कमअस्सल काही लावायचे नाही. हा धडा आम्ही पुढे साफ विसरलो.

२०२० च्या अखेरीस आम्ही नवा फोन घेतला. जुना चार वर्षे वापरलेला होता. सकाळी पूर्ण चार्ज केला तरी दुपारी मान टाकायचा. तो गावी आईला द्यायचे आम्ही ठरवले. आमच्या आयुष्यमती म्हणाल्या, "याची बॅटरी टिकत नाही. आईंना काय उपयोग?" आम्ही म्हणालो, "तिला काय, नुसते बोलायचे तर आहे." एवढे बोलून आम्ही मोकळे झालो. मुलाने फोन पाठवला म्हणून आईने वाडीभर कौतुक केले.

हळूहळू आईने त्या फोनचे मन ओळखले. तीस टक्के दिसत असताना तो अचानक बंद पडतो, हे तिला कळले. मग ती दिवसभर तो बंदच ठेवू लागली. रात्री आठला सुरू करायची, आमच्याशी बोलायची आणि पुन्हा बंद करायची. आम्ही विचारले, तर म्हणाली, "चार्जिंग उतरतंय रं बाबा. तुझा जुना फोन आहे, चालेल तेवढा चालेल." आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळून पुढे गेले. आमच्या वाडीतली वीज सकाळीच गेली. रात्री आठला आम्ही फोन लावला तो बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशीही बंद. कोरोनाचे दिवस होते. जिल्ह्याबाहेर जायचे तर ई-पास काढावा लागत होता. आम्ही मुंबईच्या खोलीत बसून नुसता नंबर फिरवत होतो. आयुष्यमती काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीतल्या एका मुलाने आईचा फोन आपल्या रिक्षाच्या बॅटरीवर लावला आणि आम्हाला हकीकत कळली. वादळात पडवीची कौले उडाली होती. एक कौल आईच्या पायावर पडून मोठी जखम झाली होती. शेजारच्यांनी तिला आरोग्य केंद्रात नेऊन टाके घालून आणले होते. आम्हाला कळवायला सगळेच धडपडत होते, पण आमचा नंबर कोणालाच पाठ नव्हता. तो त्या बंद फोनच्या पोटात होता. घरात एका कागदाच्या चिटोऱ्यावरही तो लिहिलेला नव्हता. दोन मुलांची, सुनांची, लेकीची, सगळ्यांची नावे त्या एका मेलेल्या बॅटरीमागे कुलूपबंद होती.

निर्बंध सैल झाल्यावर आम्ही गावी गेलो. आईची जखम भरत आली होती. फोन हातात घेतला तर त्याचे पाठचे झाकण किंचित वर आलेले दिसले. मुंबईला आणून दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने झाकण काढले. आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती. "आई हा फोन कुठे ठेवत होती?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "उशाशी." तो काही बोलला नाही. फक्त आमच्याकडे बघत राहिला.

त्या दिवशी आम्ही बॅटरीची माहिती करून घेतली. आम्ही पडलो बी.कॉम. वाले, पण हिशेब मात्र आम्हाला कळतो. मोबाईलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ साली ती प्रथम बाजारात आली. चार्ज करताना तिच्यातले लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि फोन वापरताना परत येतात. या प्रत्येक येरझारीत थोडी झीज होते. साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून आणि उतरून झाली की अशी बॅटरी मूळ ताकदीच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. अलीकडच्या काही बॅटऱ्या याहून जास्त टिकतात. पण रोज एकदा चार्ज होणारा फोन चार वर्षे वापरला, तर त्याच्या बॅटरीचे वय झाले असे समजावे. म्हाताऱ्या बॅटरीला अचानक जोर लावायचे काम पडले, की तिचा दाब घसरतो आणि तीस टक्के दिसत असतानाही फोन बंद पडतो. आईला हे अनुभवाने कळले होते. आम्हाला मात्र दुरुस्तीवाल्याने सांगावे लागले.

दुसरी गोष्ट रेंजची. फोन टॉवरपासून लांब असला, की त्याला ओरडून बोलावे लागते, म्हणजे जास्त ताकदीने लहरी पाठवाव्या लागतात. रेंज येत-जात असेल तर तो सारखा टॉवर शोधत राहतो. म्हणून तोच फोन मुंबईत संध्याकाळपर्यंत टिकतो आणि आमच्या वाडीत दुपारी संपतो. आणि आम्ही दुपारपर्यंतच टिकणारा फोन नेमका त्या वाडीत पाठवला होता!

आम्ही आठशे रुपये मोजून नवी बॅटरी बसवली. बॅटरी बदलल्याचे आईला सांगितले, तेव्हा ती सहज बोलून गेली, "तुझ्या आजीला मोठ्या घरचं उतरलेलं लुगडं मिळायचं. छप्पन सालानंतर तिनं ते घेणं सोडलं. फाटकं नेसेन पण माझं नेसेन, म्हणायची." तिच्या मनात टोमणा नव्हता. ती आजीची आठवण काढत होती. पण आमच्या काळजात चर्र झाले. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळेपाके तुकडे सोडून द्यायला सांगितले. आजीने उतरलेले लुगडे सोडले. आम्ही सभांमधून स्वाभिमानावर भाषणे करतो आणि घरच्या आईला आमच्या अंगावरून उतरलेली वस्तू पाठवून देतो. तीही तिच्या उपयोगाची आहे की नाही, हे न बघता!

जुनी वस्तू वापरू नये, असे आमचे म्हणणे नाही. कष्टकरी माणसाला ते परवडणार नाही. आमचाच जुना फोन नव्या बॅटरीवर पुढे तीन वर्षे आईने वापरला. मुद्दा एवढाच, की जी वस्तू आपल्याला नको झाली ती आईला 'चालेल' असे गृहीत धरू नये. देताना दुरुस्त करून द्यावी.

हीच गोष्ट सरकारी पातळीवरही घडते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन तापतो, अडकतो, मेमरी पुरत नाही, दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बायांनी 'चालेल तेवढे चालेल' म्हटले नाही. आम्हाला त्यांचा अभिमान वाटतो. तिकडे युरोपीय संघाने तर कायदाच केला आहे. २०२७ च्या फेब्रुवारीपासून तिथे विकल्या जाणाऱ्या हातातल्या उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडता, ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. पूर्वीच्या बटणांच्या फोनचे झाकण नखाने उघडायचे आणि बॅटरी बदलता यायची. ती साधी सोय आता कायदा करून परत आणावी लागत आहे.

त्या वर्षीच्या वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. एका संध्याकाळी वाचन संपल्यावर हा विषय निघाला आणि वाडीने काही गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्या वाडीतही करता येतील.

पहिली, विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक तक्ता लावला. प्रत्येक घराचा मुंबईचा एक नंबर त्यावर आहे. प्रत्येक घरातही तो कागदावर लिहून ठेवला. हा उपाय फुकटचा आहे आणि सर्वांत मोठा आहे.

दुसरी, मुंबई मंडळाने वर्गणी काढून विहारासाठी दोन पॉवर बँक दिल्या. पावसाळ्यात त्या नेहमी भरलेल्या असतात. यात एक हिशेब लक्षात ठेवावा. दहा हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजारांचा फोन दोनदा भरत नाही. वीज बदलण्यात आणि उष्णतेत बरीच खर्ची पडते. एकदा पूर्ण आणि वर थोडे, एवढेच हाती लागते.

तिसरी, वीज गेली की फोनवरचा पडद्याचा उजेड कमी करायचा आणि इंटरनेट बंद करायचे. बोलण्याऐवजी एका ओळीचा संदेश पाठवायचा. त्याला बॅटरी कमी लागते. वीज जास्त काळ गेली तर टॉवरच्या बॅटऱ्याही संपतात, म्हणून 'आम्ही सुखरूप आहोत' हा निरोप लवकर पाठवायचा.

चौथी, चार्ज होत असलेला फोन उशीखाली किंवा गोधडीत ठेवायचा नाही आणि चुलीजवळही ठेवायचा नाही. बॅटरीला सर्वांत जास्त मारते ती उष्णता. सेल उन्हात ठेवायची आमच्या आईची युक्ती या बॅटरीला अजिबात चालत नाही. फोन रोज पार शून्यावर आणू नये आणि शंभरावर तासन्‌तास लावूनही ठेवू नये. पाठ फुगलेली दिसली तर फोन त्याच क्षणी बंद करावा, बॅटरी टोचू नये, दाबू नये, कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नये. ती जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्यावी.

आपण कोकणातली माणसे पावसाआधी घर शाकारतो, लाकूडफाटा भरतो, सुकी मासळी आणि मीठमिरचीची बेगमी करतो. त्यातच आता एक काम वाढवायचे. मे महिन्यात गावी गेलो, की आईवडिलांचा फोन हातात घेऊन बघायचा. किती वेळ टिकतो, पाठ सपाट आहे का, आणि ते तो दिवसभर बंद तर ठेवत नाहीत ना, हे विचारायचे. म्हातारी माणसे तक्रार करत नाहीत. ती फोन बंद करून ठेवतात आणि आठ वाजायची वाट बघतात.

यंदा आम्ही गावी गेलो, तेव्हा आईनेच फोन पुढे केला. "कौलं बघितलीस. आता ह्याची बॅटरी बघ." आम्ही बघितली. वडिलांचा ट्रान्झिस्टर अजून फळीवर आहे, त्याच्यातही नवे सेल घातले.

सर्वांना सविनय जयभीम!